एका माणसाचं युनिट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत शिमग्याची पालखी नाचली की त्याच रात्री तिचा व्हिडिओ नालासोपाऱ्यात, दिव्यात, डोंबिवलीत पाहिला जातो. रजा न मिळालेला चाकरमानी जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो, पालखी कोणाच्या खांद्यावर आहे ते ओळखतो, आपलं घर दिसलं की बायकोला हाक मारतो. हा प्रेक्षक यूट्यूबने तयार केलेला नाही. तो आधीपासून होता आणि त्याच्यासाठी राबणारा माणूसही आधीपासून होता. गावात त्याला ‘शूटिंगवाला’ म्हणत.

खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागे वायर सांभाळत हॅलोजन धरणारा एक पोरगा, आणि समोर लग्न, गौरी-गणपती, वास्तुशांत किंवा रात्रभर चालणारं नमन. कॅसेट मुंबईला जायची. पुढे तिची सीडी झाली. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरतात, मागे ‘हम आपके हैं कौन’ची गाणी वाजतात, या एडिटिंगची आपण भरपूर थट्टा केली आहे. पण त्या माणसाला काही गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. अक्षता एकदाच पडतात. ऐनवेळी बॅटरी संपली हे सांगायला तोंड नसतं. पंगतीतली धाकटी आत्या कॅसेटमध्ये आली नाही, तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. दिग्दर्शक, छायालेखक, एडिटर, हिशेबनीस आणि थकबाकी वसूल करणारा, सगळं तो एकटाच. आज ज्याला आपण कंटेंट क्रिएटर म्हणतो, त्याची वंशावळ मुंबईच्या स्टुडिओपेक्षा या शूटिंगवाल्याकडे जास्त सरळ जाते असं मला वाटतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

ही पुस्तिका जयगडपासून नेवऱ्यापर्यंतच्या पट्ट्यातल्या, म्हणजे मालगुंडच्या अवतीभवतीच्या, मुलामुलींसाठी आहे. यांतल्या अनेकांच्या हातात बरा मोबाइल आहे, काहींचं चॅनेल आहे, एखाद्याकडे गिंबल आणि ड्रोनही आहे. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एक प्रश्न आहे: ‘यात पुढे काय?’ आईवडिलांच्या या प्रश्नाला मुलं वैतागतात. मला तो या विषयातला सगळ्यांत शहाणा प्रश्न वाटतो.

अडचण अशी की या वाटेवर दोन निराळी कामं एकाच नावाखाली चालतात. एक काम चॅनेल चालवण्याचं, दुसरं चित्रपट करण्याचं. कॅमेरा तोच, एडिटिंगचं अ‍ॅप तेच, बऱ्याचदा माणूसही तोच. पण चॅनेलला शेवट नसतो. या शनिवारचा व्हिडिओ टाकला की पुढचा शनिवार उभा असतो. चित्रपटाचं उलट आहे. तो संपवण्यासाठीच सुरू करतात, आणि कुठे संपवायचा हे ठरेपर्यंत काय गाळायचं हेही ठरत नाही. चॅनेलवाल्याला दर आठवड्याला हजर राहण्याची सवय लागते, चित्रपटवाल्याला महिनोन्‌महिने न दिसण्याची. पहिल्या सवयीतून दुसरीकडे जाणं हीच या कारकिर्दीतली खरी चढण आहे, आणि तिच्याविषयी ‘दहा मिनिटांत यूट्यूबर बना’ सांगणारे कोणी बोलत नाहीत.

हे सगळं नवं आहे असंही नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, त्या पाहून यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. त्यांची दुसरी गाजलेली फीत आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने जास्त गमतीची आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले. ते परतले तेव्हा मुंबईत झालेलं त्यांचं स्वागत सावे दादांनी टिपलं. कोकणातला मुलगा परीक्षेत पहिला आला, बोटीने परत आला, बंदरावर गर्दी जमली, एका माणसाने कॅमेरा लावला. याला आज आपण काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे म्हणून तिचा मधला भाग कोणी वाचत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे पाठ असतं. त्याआधी १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी केलं काय? भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी वाटाण्याचं एक रोप कॅमेऱ्यापुढे ठेवलं आणि रोज थोडंथोडं चित्रण करून त्याची वाढ एका छोट्या फितीत दाखवली. आज मोबाइलमध्ये टाइमलॅप्स नावाचं बटण असतं, ते काम त्यांनी तेव्हा हाताने केलं. सरस्वतीबाई फाळके युनिटचा स्वयंपाक करत, आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं तयार करणं हीही कामं करत. दागिने गहाण पडले ते वेगळंच. म्हणजे भारतीय चित्रपटाचा पहिला स्टुडिओ हे एक राहतं घर होतं आणि कामगार घरचेच होते. नंतर मोठ्या कंपन्या आल्या, प्रभात आली, तंत्रज्ञांच्या संघटना आल्या, आणि घरात बसून चित्रपट करता येतो ही गोष्ट आपण विसरून गेलो. मोबाइलने ती परत आठवून दिली, एवढंच.

तरी मधल्या काळात काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून बोलतो तो, १९ सेकंदांचा. आपल्याकडचं खरं वळण मात्र सप्टेंबर २०१६चं. जिओ आलं आणि तोवर एमबी मोजून वापरणारा गाव दिवसाला जीबी संपवू लागला. कोकणातल्या व्हिडिओंची लाट त्यानंतरची आहे. २०१८च्या सुरुवातीला यूट्यूबने जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाण्याची अट घातली. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाटणीत ४५. हे आकडे ऐकून डोळे चमकतात, पण टक्के कशाचे हे आधी विचारावं. जाहिरातीचा दर प्रेक्षक कोणत्या देशात बसलाय आणि त्याच्याकडे खर्चायला किती आहे यावर ठरतो. विरारचा चाकरमानी आणि न्यू जर्सीतला इंजिनियर यांच्या एकेका व्ह्यूची किंमत एक नसते. त्यामुळे कोकणातली बहुतेक चॅनेलं नुसत्या जाहिरातीवर जगत नाहीत. होमस्टे, हापूसच्या पेट्या, कोकम, मसाले, हॉटेलांचं पेड प्रमोशन यांवर घर चालतं, आणि व्हिडिओ हा त्या दुकानाचा फलक असतो. यात वाईट काही नाही. फक्त आपण दुकान चालवतो आहोत की कला करतो आहोत, हे स्वतःपुरतं तरी लख्ख माहीत असावं. पैसे घेऊन केलेली शिफारस आहे हे प्रेक्षकाला सांगणंही आता बंधनकारक झालं आहे. पुष्कळ जण ते वर्णनाच्या तळाला, कोणी वाचणार नाही अशा जागी लिहितात.

मराठीत ही वाट रुळवणाऱ्यांत ‘भाडिपा’चं, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टीचं, नाव आधी घ्यावं लागतं. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि मूळची कॅनडाची पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ साली ती सुरू केली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचं ‘कास्टिंग काउच’, म्हणजे नटनट्यांच्या त्या मुद्दाम फसलेल्या मुलाखती, लोकांनी एकमेकांना इतक्या पाठवल्या की मराठीत इंटरनेटवर विनोद चालतो की नाही ही शंकाच संपली. पुढे साठ्ये आणि नंदकुमार यांनी हवालदारांच्या आयुष्यावर ‘पांडू’ ही मालिका केली. ती २०१९ साली एमएक्स प्लेयरवर आली. भाडिपाची ‘बी. ई. रोजगार’ ही मालिका मात्र २०२२ साली पुन्हा यूट्यूबवरच आली. मोठ्या मंचावर जाऊन आलेली माणसं परत आपल्या ओसरीवर काम करतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिडी एकाच दिशेने चढायची असते ही कल्पना आपल्याच डोक्यातली.

निपुण धर्माधिकारींचं उदाहरण याहून बोलकं आहे. वेबवरचा तो मिश्कील मुलाखतकार त्याच सुमारास ‘बापजन्म’ हा चित्रपट करत होता (२०१७), मग ‘धप्पा’ केला, ज्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली ‘मी वसंतराव’. पण ही माणसं इंटरनेटवर उगवलेली नव्हती. त्यांच्यामागे पुण्यातली प्रायोगिक नाटकं होती, एकांकिका होत्या, पंधरा प्रेक्षकांसमोर पडलेले प्रयोग होते. मुलाखतीत योग्य जागी गप्प बसणं त्यांना जमलं ते तिथे शिकल्यामुळे. मालगुंडच्या मुलाला पुण्याची एकांकिका स्पर्धा मिळणार नाही, हे खरं. पण त्याच्या वाडीत नमन होतं. संकासुराने लोकांना हसवून गार करायचं, गौळण लांबली तर मावशीने वेळ मारून न्यायची, पहाटे तीनला पेंगणारं खळं परत जागं करायचं. हे शिक्षण कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटपेक्षा कमी आहे असं मी तरी म्हणणार नाही. गंमत म्हणजे हीच मुलं नमनाचं चार तासांचं सलग चित्रण करून चॅनेलवर टाकतात आणि स्वतःचे व्हिडिओ मात्र कुणा परप्रांतीय व्लॉगरच्या चालीवर करतात.

दुसरं उदाहरण मराठी घरातलं, पण महाराष्ट्राबाहेरचं. भुवन बामचा जन्म १९९४ साली बडोद्यातल्या मराठी कुटुंबात झाला. तो वाढला दिल्लीत. २०१५ साली त्याने ‘बीबी की वाइन्स’ सुरू केलं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा, स्वतःची खोली, आणि आई, वडील, मामा, मित्र अशी सगळी पात्रं स्वतःच. कोणी सहकलाकार नाही म्हणून तो एकटाच वेगवेगळ्या कोनांत बसून बोलत गेला. समोरचा कधीच चौकटीत नसतो, तरी तो आहे असं वाटतं. नाटकातल्या माणसाला यातली कारागिरी चटकन कळेल. २०१८ साली दिव्या दत्तांबरोबर ‘प्लस मायनस’ हा लघुपट त्याने केला आणि २०२१ साली ‘ढिंढोरा’ ही आठ भागांची मालिका. तीच पात्रं, तेच घर, पण आता पूर्ण युनिट, दुसरा दिग्दर्शक आणि एक सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट. ती त्याने स्वतःच्याच चॅनेलवर टाकली. २०२३ साली ‘ताजा खबर’ मोठ्या मंचावर आली तेव्हा निर्मितीत त्याची स्वतःची कंपनी होती. ‘ढिंढोरा’ मला सगळीकडे सारखीच आवडली असं नाही. चार मिनिटांत चमकणारी पात्रं अर्ध्या तासात काही ठिकाणी थकतात. पण नेमकं तेच पाहण्यासारखं आहे. छोट्या व्हिडिओत पात्राला फक्त स्वभाव पुरतो, मोठ्या गोष्टीत त्याला काहीतरी हरवावं लागतं.

जगात अन्यत्रही हीच चढण दिसते. स्वीडनमधला डेव्हिड सँडबर्ग याने बायकोला घेऊन स्वतःच्या घरात तीन मिनिटांहून छोटा भयपट केला, २०१३ साली. इंटरनेटवर तो गाजला आणि २०१६ साली ‘लाइट्स आउट’ नावाने त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट हॉलिवूडने त्याच्याकडूनच करून घेतला. ऑस्ट्रेलियातल्या फिलिपू भावांनी वर्षानुवर्षं यूट्यूबवर मारामाऱ्यांचे धांगडधिंगे केले आणि मग ‘टॉक टू मी’ हा चित्रपट असा काही केला की चित्रपट-समीक्षकांना मान वळवून पाहावं लागलं. यांतल्या काही जणांत मला एक साम्य दिसतं. चित्रपटाकडे जाताना त्यांनी अपलोड थांबवण्याची किंवा कमी करण्याची हिंमत केली.

आता आपल्या मातीकडे येऊ. सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे ‘कोकणी रानमाणूस’ म्हणून रान, देवराया, कातळ आणि गावातली माणसं दाखवतात आणि कोकणात कोणता विकास नको हेही बिनदिक्कत सांगतात. त्यांची मतं कुणाला पटोत न पटोत. चॅनेलला भूमिका असू शकते हे त्यांनी दाखवलं. दोडामार्ग तालुक्यातल्या सासोलीचे शिरीष आणि पूजा गवस करोनाच्या काळात मुंबई सोडून गावी आले आणि ‘रेड सॉइल स्टोरीज’ सुरू झालं. म्हणायला ते पाककृतींचं चॅनेल. प्रत्यक्षात लाल वाट, चूल, पाट्यावर वाटलं जाणारं वाटण, पागोळ्या, आणि बोलणं अगदी कमी. दर आठवड्याला ओरडत ‘नमस्कार मंडळी’ म्हणणाऱ्या गर्दीत इतकं शांत काम पाहायला लोक थांबले. चॅनेलच्या साच्यात राहून चित्रपटाच्या सर्वांत जवळ कोण गेलं असं मला विचारलं, तर मी यांचं नाव घेईन. २०२५च्या ऑगस्टमध्ये शिरीष यांचं ऐन तारुण्यात आजारपणाने निधन झालं. ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं त्यांनाही घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. या माध्यमात जवळीक किती खोल जाते, आणि एका-दोन माणसांच्या खांद्यावर सगळं किती टेकलेलं असतं, हे दोन्ही तेव्हा एकदम कळलं.

चॅनेलची मालकी हा वेगळाच विषय. चीनमधली ली झीची ही सिचुआनमधल्या खेड्यात आजीबरोबर राहून शेती-स्वयंपाकाचे देखणे व्हिडिओ करणारी बाई जगभर पाहिली जात होती. २०२१च्या जुलैनंतर तिचे व्हिडिओ अचानक थांबले. व्यवसाय सांभाळणाऱ्या कंपनीशी वाद झाला होता. ती परतली नोव्हेंबर २०२४मध्ये. तीन वर्षांहून जास्त काळ तिच्या नावावर एकही नवा व्हिडिओ आला नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या एजन्सीचा माणूस गणपतीपुळ्याच्या हॉटेलात चहा पाजून सहीला कागद पुढे करतो, तेव्हा ही बाई आठवावी.

मालगुंडच्या माणसाने आणखी एक गोष्ट आठवावी, कारण तिचं स्मारक गावातच आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, इथे १८६६ साली जन्मले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. शिक्षकी करत गावोगाव हिंडलेल्या या कवीच्या कविता नियतकालिकांतून येत राहिल्या. हयातीत संग्रह एकही निघाला नाही. तो १९१७ साली हरी नारायण आपट्यांनी काढला. आपट्यांसारखा संपादक नसता तर त्या कविता जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत विखुरलेल्या राहिल्या असत्या. आज आपल्या मुलांचं कामही असंच हप्त्याहप्त्याने बाहेर पडतं आहे आणि ते गोळा करणारा कोणी दिसत नाही. चॅनेल बंद पडलं, पासवर्ड हरवला, स्ट्राइक आला की संपलं. मूकपटांच्या जमान्यातले आपले बहुतांश चित्रपट असेच नाहीसे झाले. पुण्याचं चित्रपट संग्रहालय निघेपर्यंत १९६४ साल उजाडलं. कोकणात तर दमट हवा हा वेगळा शत्रू. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, कपाटातली हार्ड डिस्क दोन आगोटींत मान टाकते. मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घाटावर असली तर बरं.

इथल्या चित्रणाबद्दल दोन-तीन कुरकुरी नोंदवून ठेवतो. किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा मोबाइलचा टॉर्च मारू नये. ती उजेडाच्या दिशेने चालतात आणि तुमच्या व्हिडिओसाठी वाट चुकतात. देवाला गाऱ्हाणं घालताना गुरवाच्या तोंडाशी माइक धरण्याआधी त्याला विचारावं. आणि आरे-वारेच्या वळणावरचा तो ड्रोन-शॉट आता पुरे झाला. त्या रस्त्याखाली मासळी वाळत घालणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे कोणी कॅमेरा घेऊन बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पुढच्या प्रकरणांत आवाज, उजेड, एडिटिंग, नमनावरून पटकथा कशी शिकावी असं पुष्कळ काही आहे, आणि मुलं ते आधी वाचतील याची मला खात्री आहे. पहिलं प्रकरण मात्र कराराचं आहे: हक्क कोणाचे, गाण्याची परवानगी कोण घेतो, मित्राने धरलेल्या कॅमेऱ्याचे पैसे कधी द्यायचे, उत्पन्न कुठे दाखवायचं. ते कंटाळवाणं आहे. संपादकाने ते शेवटी टाकायचं ठरवलं होतं. भांडून ते पुढे आणायला लावलं आहे.